झोंबीग्रस्त जगातील नायिका : 'डीसीज्ड' आणि 'झोंबिवली' यांचा तौलनिक विचार

प्रस्तावना :

संकट कितीही मोठे असले तरी अंती सामर्थ्याचा विजय होतो, हा महानायकांच्या चित्रकथांमधील रूढ संकेत आहे. झोंबीकथेत तो उलटा होतो. येथे सामर्थ्यवान व्यक्तीलाच बाधा झाली की तीच सर्वांत मोठे संकट ठरते. अशा उद्ध्वस्त जगात नायिकेचे स्थान कसे बदलले आणि मराठीत या विषयाला कोणते वळण मिळाले, याचा विचार येथे केला आहे.

विवेचन :

रॉबर्ट कर्कमन (लेखन) व शॉन फिलिप्स (चित्रे) यांच्या 'मार्व्हल झोंबीज' (२००५-०६) या मालिकेत महानायकच नरभक्षक होतात. पत्नी आणि काकू यांना आपणच खाल्ले, या जाणिवेने स्पायडर-मॅन व्याकूळ आहे. म्हणजे स्त्री येथे पुरुषाच्या अपराधभावाचे केवळ निमित्त ठरते.

टॉम टेलर यांच्या 'डीसीज्ड' (२०१९) या मालिकेत हे चित्र पालटते. बॅटमॅन व सुपरमॅन बाधेपासून वाचत नाहीत. कथेचे निवेदन मात्र पत्रकार लोइस लेन करते. हाल जॉर्डनची अंगठी डायना लान्सकडे येते आणि ती ग्रीन लँटर्न होते. एरवी खलनायिका मानली गेलेली पॉयझन आयव्ही गॉथममध्ये वनस्पतींचे आश्रयस्थान उभारते. साक्ष देणे, वारसा पेलणे व आसरा देणे ही तिन्ही कार्ये स्त्रियांकडे आली आहेत. कणखरपणाचा अर्थ येथे प्रहार करण्यापेक्षा तग धरण्याशी आणि इतरांना तगवण्याशी अधिक जोडलेला आहे.

तथापि या मालिकेची एक मर्यादा स्पष्ट आहे. बाधेचे मूळ डार्कसाइड या परग्रहीय सत्ताधीशाच्या समीकरणात असल्याने मानवी समाजव्यवस्था प्रश्नांकित होत नाही. शेवटी वाचलेली माणसे पृथ्वी सोडून जातात.

आदित्य सरपोतदार दिग्दर्शित 'झोंबिवली' (२०२२) या मराठी चित्रपटात नेमकी ही उणीव भरून निघते. डोंबिवलीतील उंच गृहसंकुल, शेजारची वस्ती आणि या दोहोंमधील पाण्याचा प्रश्न हा त्याचा पाया आहे. संकट आकाशातून येत नाही; ते माणसाच्या नफेखोरीतून उद्भवते. परंतु नायिकेच्या बाबतीत हा चित्रपट मागे राहतो. वैदेही परशुरामी यांनी साकारलेली सीमा गर्भवती आहे व संकटाला सामोरीही जाते. पण कथेचे सुकाणू सुधीर (अमेय वाघ) आणि विश्वास (ललित प्रभाकर) या पुरुषद्वयीच्या हाती राहते. गर्भारपण हे तिच्या जोखमीचे कारण ठरते, निर्णयाधिकाराचे नव्हे.

हा भेद केवळ कलाकृतींपुरता नाही. ताथवड्यासारख्या गावठाण, गृहसंकुले आणि पाण्याचे टँकर एकत्र नांदणाऱ्या परिसरात पाणी साठवणे, पुरवून वापरणे आणि टंचाईत घर चालवणे हे बहुधा स्त्रियाच करतात. तगून राहण्याचे हे ज्ञान ज्यांच्यापाशी आहे, त्यांनाच तगून राहण्याच्या कथेत दुय्यम स्थान मिळावे, ही विसंगती आहे.

निष्कर्ष :

'डीसीज्ड'मध्ये कणखर नायिका आहे, पण संकटाचे सामाजिक भान नाही. 'झोंबिवली'त ते भान आहे, पण नेतृत्व करणारी नायिका नाही. मराठीतील पुढील झोंबीकथेने वस्तीतील, पाण्याच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या स्त्रीला केंद्रस्थानी आणल्यास हे दोन्ही धागे एकत्र येतील. तशा नायिकेला महाशक्तीची आवश्यकता भासणार नाही.