धारप, नारायण : चित्रपटीय रूपांतर

धारप, नारायण : (१९२५–२००८). मराठी भयकथाकार व कादंबरीकार. राही अनिल बर्वे दिग्दर्शित ‘तुंबाड’ (२०१८) या हिंदी चित्रपटाची एक प्रेरणा धारपांच्या ‘आजी’ या कथेत आहे. ती स्वतः स्टीव्हन किंग यांच्या कथेवर बेतलेली. कथेतील भय घराच्या चार भिंतींत, वृद्ध आजीभोवती कोंडलेले असते. चित्रपटाने तो प्रसंग आरंभीच्या भागापुरता ठेवून शापित खजिना, पडका वाडा, अखंड पाऊस व पिढ्यान्‌पिढ्यांची हाव यांची जोड त्यास दिली. परिणामी भयाचे मूळ अमानुष शक्तीऐवजी मानवी लोभात दिसू लागते. मात्र दैत्य प्रत्यक्ष दाखविल्याने सूचकतेतून भीती जागविण्याचे धारपांचे सामर्थ्य पडद्यावर काहीसे उणावते. तथापि व्हेनिस महोत्सवाच्या समीक्षक-सप्ताहाचा प्रारंभ करणाऱ्या या चित्रपटाने मराठी भयकथेस मराठीबाहेरचा प्रेक्षक मिळवून दिला.