रुसव्याचे तीस सेकंद

श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात लाइट जाणं नवं नाही. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळानंतर तर कित्येक गावांनी आठवडेच्या आठवडे अंधारात काढले. माझं लक्ष असतं ते लाइट परत येते त्या क्षणाकडे. एखाद्या मोठ्या रिसॉर्टात वायफायचे चाळीस डबे असले, तर ते सगळे एकदम जागे होतात आणि सगळ्यांना एकच कंट्रोलर हवा असतो.

मार्च २००९मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी ५४१५ने, म्हणजे ‘कॅपवॅप’ने, हा क्षण आधीच ओळखला आहे. अनेक अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजेच असे डबे, एका कंट्रोलरवरून सांभाळण्याचे हे नियम. भाषा रुक्ष, संक्षेपांचा तर सुकाळ. पण दुसऱ्या प्रकरणात अवस्थांचं वर्णन सुरू झालं की वाचणारा सावरून बसतो. जागा झालेला डबा लगेच हाक मारत नाही. आधी थोडा थांबतो, आणि किती थांबायचं ते प्रत्येकाचं वेगळं, वीस सेकंदांच्या आतलं. कोणी ओ दिली तरी पहिलंच स्थळ पक्कं करत नाही; पाच सेकंद वाट पाहतो, दुसरं कोणी बोलतंय का, कोणावर किती भार आहे, ते पाहतो.

आणि दहादा हाक मारूनही कोणी बोललं नाही तर? डबा ज्या अवस्थेत जातो तिचं नाव आहे ‘सल्किंग’. रुसवा! ‘अपयश’ किंवा ‘प्रतीक्षा’ असं नाव सहज देता आलं असतं. पण हाच शब्द अचूक आहे, कारण या अवस्थेत डबा नुसता गप्प बसत नाही, त्याला कोणी बोलावलं तरी तो ऐकत नाही. आपल्याकडे रुसलेल्याची समजूत काढावी लागते. इथे तीस सेकंदांनी रुसवा आपला आपण ओसरतो आणि डबा पहिल्यापासून शोध सुरू करतो. तेवढ्या वेळात नेटवर्कलाही उसंत मिळते.

ही जाण पुढे सगळीकडे टिकत नाही. कंट्रोलरशी जोडणी झाली की हुकुमांची देवाणघेवाण कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्टेड, असलीच पाहिजे, पण वापरणाऱ्यांच्या माहितीला कुलूप लावणं ऐच्छिक ठेवलं आहे. ही उणीव मला खटकते.

लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठात नेटवर्किंग शिकणाऱ्यांनो, अवस्थांची आकृती पाठ करण्याआधी ते दुसरं प्रकरण एकदा सावकाश वाचा.