नोंदवही आणि गोणपाट

साताऱ्याच्या जुन्या राजवाड्यातील शाळेविषयी वर्गात बोलत होतो. १८२४ साली प्रतापसिंह महाराजांनी बांधलेल्या या वाड्यात पुढे सरकारी हायस्कूल भरू लागले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तिथे पहिल्या इंग्रजी इयत्तेत भिवा हे नाव दाखल झाले. नोंदवहीत १९१४ क्रमांकापुढे त्या मुलाची सही आहे. शाळेने ती जपली. २०१७ पासून राज्यात हा दिवस 'विद्यार्थी दिवस' म्हणून साजरा होतो. एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, ते बसत कुठे?"

हाच खरा टीकेचा प्रश्न. नोंदवहीत नावाला रकाना असतो, बसण्याच्या जागेला नसतो. ती जागा बाबासाहेबांनीच लिहून ठेवली आहे. १९९० साली पुस्तिकारूपाने आलेल्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा'त ते सांगतात : वर्गात कोपऱ्यात एकट्याने बसायचे, तेही स्वतःच्या गोणपाटावर. शाळा झाडणारा नोकर त्याला शिवत नसे, म्हणून गोणपाट रोज घरी न्यायचे नि सकाळी परत आणायचे. नळाला हात लावायचा नाही. शिपाई असेल तर पाणी, नसेल तर तहान.

म्हणजे शाळेने नाव आत घेतले, माणसाला कोपऱ्यात ठेवले. नुसती नोंदवही पुढे केली की दाखला हे व्यवस्थेचे औदार्य ठरते आणि गोणपाट विसरले जाते. वास्तूचे जतन म्हणजेही संपादनच. काय ठेवले याइतकेच काय गाळले, हे आपण तपासले पाहिजे.

हे मी तटस्थपणे लिहू शकत नाही. माझ्या गावच्या शाळेत माठाला आम्ही हात लावत नसू. कुणी वरून ओतले तर ओंजळीने पिऊ. माझ्या दाखल्यावर त्याची नोंद नाही. दाखला हातात घेऊन आई रडली. तिला अक्षर येत नव्हते, पण माठ माहीत होता.

दोष आपलाही आहे. आपण अशा वास्तूपुढे हात जोडतो, फोटो काढतो, परततो. वंदन जरूर करावे. पण त्या भिंतींत नोंदवहीइतकाच मान त्या कोपऱ्याला, त्या नळाला मिळावा, हे मागायलाही शिकले पाहिजे. सही अभिमान देते. गोणपाट प्रश्न विचारायला लावते. बाबासाहेबांनी दोन्ही मागे ठेवले आहे. आपण अर्धेच का घ्यावे?