ल्यूक स्कायवॉकर कोणाचा?

डिसेंबर 2017 मध्ये 'स्टार वॉर्स'चा आठवा भाग, 'द लास्ट जेडाय', पडद्यावर आला आणि आठवडाभरात चाहते आणि समीक्षक यांच्यात उभी फूट पडली. 'रॉटन टोमॅटोज' या संकेतस्थळावर दहातल्या नऊ समीक्षकांनी चित्रपटाला पसंती दिली होती. तिथेच मत नोंदवणाऱ्या प्रेक्षकांपैकी निम्म्यांनीही ती दिली नाही.

तेव्हापासून हे दोन आकडे भांडणाचा पुरावा म्हणून पुढे केले जातात. पुरावा म्हणून ते फार तोकडे आहेत. समीक्षकांचा आकडा म्हणजे गुण नव्हेत. किती जणांना चित्रपट एकूणात बरा वाटला, याची ती मोजदाद. कोणी भारावून लिहिलं काय आणि कोणी हातचं राखून लिहिलं काय, तिथे दोघांची नोंद सारखीच होते. प्रेक्षकांच्या बाजूला तर त्या काळी चित्रपट न पाहताही मत देता येत असे. तिकीट घेतल्याची खात्री करून मतं वेगळी मोजण्याची सोय 2019 मध्ये आली. उलट अमेरिकेत पहिल्या रात्री चित्रपटगृहात प्रत्यक्ष प्रेक्षकांना विचारून श्रेणी ठरवणाऱ्या 'सिनेमास्कोअर'कडे याच चित्रपटाला 'ए' मिळाली. जगभरची कमाई 133 कोटी डॉलरच्या आसपास गेली. तेव्हा लोकांनी चित्रपट नाकारला, हे म्हणणं खरं नाही. ज्यांनी नाकारला त्यांनी मात्र अगदी आतून दुखावून नाकारला, आणि ते दुखणं नेमकं कुठलं हे समजून घेण्याचं काम समीक्षकांचं होतं. ते त्यांनी केलं नाही.

मला स्वतःला हा चित्रपट फार मोलाचा वाटतो. 1980 च्या 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक'नंतर या मालिकेत इतक्या विचाराने केलेला दुसरा चित्रपट नाही. म्हणूनच त्याच्या बाजूने जे लिहिलं गेलं, त्यातलं बरंचसं अपुरं वाटतं.

चाहत्यांची तक्रार काय होती? जी आरडाओरड झाली ती बाजूला ठेवू. तिच्याकडे नंतर येईन. तक्रारीचा गाभा असा. 1983 च्या 'रिटर्न ऑफ द जेडाय'मध्ये ल्यूक स्कायवॉकर सम्राटासमोर उभा आहे. त्याचा बाप डार्थ व्हेडर हा आकाशगंगेतला सगळ्यात क्रूर माणूस. त्याच्यात चांगुलपणा उरला असेल असं त्याच्या जुन्या गुरूलाही वाटत नाही. ल्यूक एकटा तसं मानतो, हातातलं शस्त्र फेकून देतो, आणि त्या विश्वासावरच बाप परत येतो. तीन चित्रपटांचा सारा भार या एका कृतीवर तोललेला आहे. आणि दिग्दर्शक रायन जॉन्सनच्या या आठव्या भागात हाच ल्यूक म्हातारा, एकाकी, बेटावर तोंड लपवून बसलेला. झोपलेल्या भाच्याच्या मनात अंधार दिसला म्हणून क्षणभर त्याने त्याच्यावर लाइटसेबर उगारलेला, आणि त्या एका क्षणातून खलनायक कायलो रेन जन्मलेला. बापावरचा विश्वास ज्याने सोडला नाही, तो पोरावरचा विश्वास कसा सोडेल? हा प्रश्न बालिश नाही. खुद्द ल्यूकची भूमिका करणाऱ्या मार्क हॅमिलने आपण दिग्दर्शकाशी सहमत नव्हतो, हे उघडपणे सांगितलं होतं. ते जाहीरपणे बोलायला नको होतं, असंही त्याने नंतर म्हटलं.

या प्रश्नाला चित्रपटात उत्तर आहे. 1983 मध्येही व्हेडर बहिणीचं नाव काढतो तेव्हा ल्यूक संतापाने बेभान होऊन बापाचा हात तोडतो, आणि मग थांबतो. उगारणं आणि थांबणं हा त्याचा स्वभावच आहे; जॉन्सनने नवा ल्यूक घडवला नाही, त्याच ल्यूकला एक क्षण उशीर होऊ दिला. ती रात्र तो तीनदा दाखवतो: एकदा ल्यूकने सांगितलेली, एकदा कायलोने सांगितलेली आणि शेवटी ल्यूकने कबूल केलेली. कुरोसावाचा 'राशोमोन' आठवावा अशी ही रचना. ज्या मालिकेचा पहिला भाग कुरोसावाच्याच 'द हिडन फोर्ट्रेस'ची प्रेरणा घेऊन उभा राहिला, तिथे ती शोभतेही. शिवाय ल्यूकला बेटावर नेऊन बसवलं ते जॉन्सनने नव्हे, आधीच्या 'द फोर्स अवेकन्स'ने. मित्र मरताहेत, बहीण लढतेय आणि हा बेपत्ता आहे, ही परिस्थिती जे. जे. एब्रम्सने 2015 मध्ये मांडली आणि तिचं कारण सांगण्याचं काम पुढच्यावर सोडलं. जॉन्सनने दिलेलं कारण कडू आहे, पण त्या परिस्थितीला शोभणारं आहे.

इतकं स्पष्ट उत्तर असताना ते पोहोचलं का नाही? कारण 1983 आणि 2015 यांच्या मधली तीस वर्षं चाहत्यांसाठी कोरी नव्हती. टिमथी झानची 'एअर टू द एम्पायर' ही कादंबरी 1991 मध्ये आली आणि तिच्यामागून कादंबऱ्या, चित्रकथा, व्हिडिओ गेम यांची रांग लागली. त्यांत ल्यूकने जेडायांची शाळा काढली, मारा जेडशी लग्न केलं, त्याला मुलगा झाला. एक पिढी हे वाचत मोठी झाली. 'स्टार वॉर्स'चे जनक जॉर्ज लुकास यांनी 2012 मध्ये आपली कंपनी सुमारे 405 कोटी डॉलरना डिस्नेला विकली, आणि 2014 मध्ये जाहीर झालं की हे सारं लेखन यापुढे 'लेजंड्स' म्हणून ओळखलं जाईल. अधिकृत कथेत त्याला जागा नाही. पुस्तकं कपाटात तशीच राहिली, पण त्यांतला ल्यूक एका निवेदनाने रद्द झाला. तीन वर्षांनी त्याच रिकाम्या जागी बेटावरचा थकलेला म्हातारा आला. समीक्षकांच्या मनात ती जागा मुळात रिकामीच होती. चाहत्यांच्या मनात तिथे कोणीतरी राहत होतं.

मराठी वाचकाला नायकाला खाली उतरवून पाहणं नवं नाही. इरावती कर्वे यांनी 'युगान्त'मध्ये भीष्माच्या त्यागाकडे रोखून पाहिलं आणि त्या त्यागाने कोणाकोणाचे बळी घेतले ते दाखवलं. वाचक हादरले, वाद झाले. पण 'युगान्त'मुळे कोणाच्या घरातला भीष्म नाहीसा झाला नाही. महाभारताला मालक नाही. त्यामुळे एक सांगणं दुसऱ्या सांगण्याला पुसत नाही. कीर्तनातला भीष्म, कादंबरीतला भीष्म आणि इरावतीबाईंचा भीष्म एकमेकांशेजारी नांदतात. 'स्टार वॉर्स'चं तसं नाही. तिथे खरं काय घडलं हे एक कंपनी ठरवते, आणि नवं सांगणं आलं की जुनं मागे पडतं असं नाही, तर खोटं ठरतं. जॉन्सनचा ल्यूक हा एका दिग्दर्शकाने केलेला ल्यूकचा अन्वय म्हणून आला असता, तर याच चाहत्यांपैकी अनेकांनी तो कुतूहलाने पाहिला असता. तो आला निकाल म्हणून. त्यांच्या रागाचं मूळ मला इथे दिसतं.

मालकाचा शब्द शेवटचा, हा धडा चाहत्यांना त्याआधीही मिळाला होता. लुकास यांनी 1988 मध्ये अमेरिकी संसदेसमोर जुन्या चित्रपटांना रंग देण्याविरुद्ध, ते बदलण्याविरुद्ध कळकळीने साक्ष दिली होती. पुढे 1997 मध्ये त्यांनी स्वतःचेच तीन चित्रपट नव्या दृश्यांसह पुन्हा प्रदर्शित केले. उपाहारगृहातल्या प्रसंगात हान सोलो आधी गोळी झाडत असे. आता समोरचा ग्रीडो आधी झाडू लागला. क्षणाचा बदल, पण स्वार्थी तस्कर हळूहळू माणूस होतो ही त्या पात्राची सारी वाट तिथून सुरू होते. यापुढे ही बदललेली आवृत्तीच खरी, अशी लुकास यांची भूमिका राहिली आणि 1977 मध्ये लोकांनी पाहिलेला चित्रपट चांगल्या प्रतीत मिळेनासा झाला. ज्याच्यावर प्रेम केलं ते मालक केव्हाही बदलू शकतो, ही भीती तेव्हापासूनची आहे.

समीक्षेने इथे काय केलं? बहुतेक परीक्षणांचा सूर धाडसाच्या कौतुकाचा होता. अपेक्षा मोडल्या, परंपरेला धक्का दिला, चाकोरी सोडली. अपेक्षा मोडणं हा कलेत आपोआप गुण होत नाही. कोणती अपेक्षा, कशासाठी मोडली आणि तिच्या जागी काय दिलं, हे पाहावं लागतं. त्यासाठी आधीचे सात भाग नुसते पाहिलेले असून चालत नाही, त्यांच्यासोबत काही काळ काढलेला असावा लागतो. एकेक चित्रपट सुटा घेऊन तोलायची सवय मालिकेच्या मधल्या भागापाशी अडखळते. 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक' आज सर्वोत्तम भाग मानला जातो, पण 1980 मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या व्हिन्सेंट कॅन्बी यांना तो पसंत पडला नव्हता. त्या वेळी मधला भाग सुटा पाहून खाली ढकलला गेला, 2017 मध्ये तसाच पाहून वर उचलला गेला.

आणि गंमत म्हणजे या चित्रपटातलं सर्वांत सुंदर जे आहे, ते त्या लांब सोबतीशिवाय दिसतच नाही. शेवटचं क्रेट ग्रहावरचं युद्ध घ्या. मिठाचा पांढरा थर, त्याखाली लाल माती. पाऊल पडेल तिथे जमिनीतून रक्त वर आल्यासारखं दिसतं. बोलिव्हियातल्या उयुनीच्या मिठागराची दृश्यं त्यासाठी वापरली आहेत. ल्यूक एकटा सैन्यासमोर येऊन उभा राहतो. त्याच्या पायाखाली लाल खूण उमटत नाही. त्याच्या हातात निळा लाइटसेबर आहे, जो थोड्याच वेळापूर्वी आपल्यासमोर दुभंगला होता. दाढी काळी आहे. तो तिथे नाहीच. दूरच्या बेटावर बसून तो आपली प्रतिमा पाठवतोय. कायलो घाव घालत राहतो, ल्यूक एकही घाव घालत नाही. कोणालाही न मारता तो उरलेल्यांना निसटायला वेळ मिळवून देतो आणि दोन सूर्यांच्या मावळतीकडे पाहत विरून जातो. सम्राटासमोर शस्त्र फेकणाऱ्या ल्यूकची ही दुसरी आणि मोठी कृती आहे. चाहते ज्या ल्यूकसाठी तळमळत होते, तो त्यांना शेवटच्या वीस मिनिटांत परत मिळतो. हे त्यांना त्यांच्याच भाषेत, 1983 शी जोडून कोणी नीट समजावून सांगितलं असतं तर सगळे पटले नसते, पण बोलणं तरी सुरू झालं असतं.

चित्रपटात उणं आहेच. कँटो बाइटच्या जुगारगृहातला सारा भाग ढिला आहे, आणि बंडखोरांची सेनानी होल्डो आपली योजना हाताखालच्यांना का सांगत नाही याचं पटणारं कारण मिळत नाही.

आता त्या आरडाओरडीबद्दल. रोझची भूमिका करणाऱ्या केली मरी ट्रॅन या व्हिएतनामी वंशाच्या अभिनेत्रीला वंशावरून, रूपावरून महिनोन् महिने इतकं छळलं गेलं, की 2018 मध्ये तिने इन्स्टाग्रामवरचं आपलं सगळं लेखन काढून टाकलं. त्याआधी 1999 च्या 'द फँटम मेनेस'नंतर जार जार बिंक्स साकारणाऱ्या अहमद बेस्टचंही असंच झालं होतं, आणि त्याने पुढे आत्महत्येच्या विचारापर्यंत गेल्याचं सांगितलं. याला चाहत्यांचं प्रेम म्हणता येत नाही. पण या छळाचा दुसराही परिणाम झाला: ल्यूकबद्दल प्रामाणिकपणे प्रश्न विचारणारा चाहता आणि एका मुलीला शिव्या देणारा माणूस यांना एकाच दावणीला बांधणं समीक्षकांना सोपं गेलं. त्या प्रश्नाला उत्तर न देण्याची सबब त्यातून मिळाली.

कंपनीने चाहते आणि समीक्षक दोघांचंही ऐकलं नाही. तिने फक्त आवाजाची पट्टी मोजली. 2019 चा 'द राइज ऑफ स्कायवॉकर' म्हणजे आधीच्या चित्रपटाची दृश्यागणिक माघार. नायिका रे हिचे आईबाप कोणीही नव्हते, ही जॉन्सनची सर्वांत उदार कल्पना. आता ती सम्राट पॅल्पटिनची नात निघाली. मेलेला सम्राट सुरुवातीच्या मजकुरातच परत आला आणि त्याची घोषणा प्रेक्षकांना आधी 'फोर्टनाइट' या गेममध्ये ऐकवली गेली. रेने आगीत भिरकावलेला लाइटसेबर ल्यूकचा आत्मा झेलतो आणि जेडायाच्या शस्त्राचा मान राखावा असं तिला सांगतो. आधीच्या भागात ल्यूकनेच भिरकावलेल्या शस्त्राची ही उघड क्षमायाचना. 142 मिनिटांच्या चित्रपटात रोझच्या वाट्याला दीड मिनिटही आलं नाही. यावेळी आकडे उलटे फिरले: समीक्षक जेमतेम निम्मे बाजूने, प्रेक्षक दहांत आठांहून अधिक. कमाई 107 कोटी डॉलरवर उतरली. आज त्या चित्रपटाबद्दल पोटतिडकीने भांडणारं फारसं कोणी भेटत नाही, आणि कलाकृतीच्या वाट्याला यापेक्षा वाईट काही येत नाही.

पुढच्याच वर्षी 'द मँडलोरियन'च्या दुसऱ्या पर्वाच्या शेवटी काळ्या वेषातला तरुण ल्यूक अरुंद बोळातून यंत्रमानव कापत आला. संगणकाने हॅमिलचा चेहरा पुन्हा पंचविशीत नेला होता. चाहते रडले, आणि त्या रडण्याचा खरेपणा मी नाकारणार नाही. पण त्या मेणासारख्या गुळगुळीत चेहऱ्याला आयुष्यात काही घडू शकत नाही. त्याला फक्त पुन्हा पुन्हा दारातून आत येता येईल.

'अँडोर' या मालिकेपाशी मात्र दोन्ही बाजू एकत्र आल्या. टोनी गिलरॉयने 2022 आणि 2025 अशा दोन पर्वांत, चोवीस भागांत, 'रोग वन'मध्ये मरणाऱ्या कॅशन अँडोरची आधीची वर्षं सांगितली. नायक मरणार हे पहिल्या भागापासून सर्वांना ठाऊक. लाइटसेबर नाही, जेडाय नाही. तुरुंगातली पाळी, साम्राज्याचे कारकून, बँकेचे हिशेब लपवणारी मॉन मॉथमा. म्हाताऱ्या ल्यूकच्या नव्या तिन्ही चित्रपटांना पहिल्या दिवसापासून सगळी वाट ठाऊक असलेला एक लेखक मिळाला नाही. नववा भाग तर आधी दिग्दर्शक कॉलिन ट्रेवॉरोकडे होता आणि मग एब्रम्सकडे गेला. गिलरॉयने कॅशनच्या शेवटापर्यंतची वाट आधी आखली, आणि त्या वाटेवर जुन्या चित्रपटांतलं जे जे लागलं त्याला धक्का न लावता माणसं उभी केली. तिथे चाहत्याला आपल्या आठवणीची राखण करावी लागली नाही, आणि समीक्षकाला धाडसाचं निमित्त शोधावं लागलं नाही.