परक्या संस्कृतीची ओळख आणि स्वतंत्र माहितीपट : डॉ. कोटणीस यांच्या निमित्ताने

प्रस्तावना

एखादा तरुण परक्या देशात जातो, तेथील भाषा शिकतो, तेथील अन्न खातो, तेथील माणसांत मिसळतो आणि हळूहळू बदलत जातो. ही प्रक्रिया कॅमेऱ्यासमोर कशी आणावी, हा माहितीपटाच्या विचारातील एक अवघड प्रश्न आहे. चीनच्या संदर्भात तो अधिकच अवघड होतो. तेथील संस्कृतीविषयीची चित्रे एकतर राज्यसंस्थेच्या प्रचारातून येतात किंवा बाहेरच्यांच्या कुतूहलातून. महाराष्ट्राला या विषयाचा एक स्वतःचा संदर्भ आहे, तो म्हणजे सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस (1910–1942). त्यांच्या जीवनावरील चित्रपट आणि चीनविषयीचे काही माहितीपट यांच्या आधारे, स्वतंत्र माहितीपटाकडून या विषयात नेमकी कोणती अपेक्षा करता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

‘स्वतंत्र’ या शब्दाची व्याप्ती

जॉन ग्रीअरसन यांनी माहितीपटाला वास्तवाची सर्जनशील मांडणी मानले. या व्याख्येतील ‘सर्जनशील’ हा शब्द जितका महत्त्वाचा, तितकाच धोक्याचा आहे. मांडणी कोणाच्या पैशाने, कोणाच्या परवानगीने आणि कोणासाठी होते, यावर वास्तवाचे कोणते अंग दिसेल हे बरेचसे ठरते.

भारतात 1948 मध्ये स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनमुळे माहितीपट आणि शासन यांचे नाते दीर्घकाळ अतूट राहिले. त्या चौकटीबाहेर राहून आनंद पटवर्धन यांच्यासारख्या दिग्दर्शकांनी स्वतंत्र माहितीपटाची परंपरा निर्माण केली. 2004 च्या मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवासाठी भारतीय माहितीपटांना सेन्सॉर प्रमाणपत्राची अट घालण्यात आली, तेव्हा माहितीपटकारांनी संघटितपणे विरोध केला. अट मागे घेतली गेली, पण अनेक माहितीपट निवडीतून वगळले गेले आणि त्यातूनच ‘विकल्प’ हा पर्यायी महोत्सव उभा राहिला. चीनमध्येही वू वेनग्वांग यांच्या 1990 मधील ‘बमिंग इन बीजिंग’पासून स्वतंत्र माहितीपटाचा प्रवाह सुरू झाला असे मानले जाते. त्या प्रवाहाला व्यासपीठ देणारा बीजिंगचा स्वतंत्र चित्रपट महोत्सव 2014 मध्ये बंद पाडण्यात आला. दोन्ही देशांतील हा अनुभव पाहता, ‘स्वतंत्र’ या शब्दाचा पहिला अर्थ आर्थिक व प्रशासकीय आहे हे मान्य करावे लागते. तो अर्थ पुरेसा आहे का, हा पुढचा प्रश्न होय.

कोटणीसांची कथा : चित्रपटाने काय निवडले

1938 मध्ये जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनला वैद्यकीय मदत म्हणून काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक पाठविले. अटल, चोळकर, कोटणीस, बसू आणि मुखर्जी हे ते पाच जण. त्यांपैकी चोळकर नागपूरचे, तर कोटणीस सोलापूरचे. मुंबईच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले कोटणीस तेव्हा अठ्ठाविशीच्या उंबरठ्यावर होते. 1939 च्या प्रारंभी पथक येनानला पोहोचले. पुढे कोटणीस उत्तर चीनच्या आघाडीवर गेले आणि 1941 मध्ये तेथील बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले. त्याच वर्षी परिचर्या शिकविणाऱ्या गुओ चिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह झाला. 9 डिसेंबर 1942 रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, अपस्माराच्या झटक्यांनी त्यांचे निधन झाले.

ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकावर आधारित ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ हा चित्रपट व्ही. शांताराम यांनी 1946 मध्ये ‘राजकमल’तर्फे काढला. कोटणीसांची भूमिका त्यांनी स्वतः केली, तर चिंगलानची भूमिका जयश्री यांनी. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरील प्रेक्षकाला आंतरराष्ट्रीय बंधुभावाची जाणीव देण्याचे मोठे कार्य या चित्रपटाने केले, हे निर्विवाद आहे. तथापि संस्कृतीची ओळख या दृष्टीने पाहता त्याच्या मर्यादा लक्षात येतात.

पहिली मर्यादा भाषेची. कोटणीसांच्या जीवनातील सर्वांत मोठे सांस्कृतिक परिवर्तन म्हणजे त्यांनी चिनी भाषा आत्मसात करून त्या भाषेत शिकविणे. ज्याला सुरुवातीला रुग्णाची तक्रारही दुभाष्यावाचून कळत नव्हती, तो वैद्यकीय विद्यार्थ्यांना त्यांच्याच भाषेत व्याख्याने देऊ लागला. चित्रपटात चिनी पात्रे हिंदीत बोलतात. त्यामुळे न समजण्यापासून समजण्यापर्यंतचा हा प्रवास पडद्यावर अशक्यच होतो. लोकप्रिय चित्रपटाला ही सोय घ्यावी लागते हे खरे, पण त्या सोयीबरोबर विषयाचा गाभाही हातातून निसटतो.

दुसरी मर्यादा मृत्यूच्या चित्रणाची. चित्रपटातील कोटणीस प्लेगवर उपाय शोधताना स्वतःच त्या रोगाला बळी पडतात. प्रत्यक्षात अपस्मार हे मृत्यूचे कारण होते. आजारी असूनही दररोजचे काम न सोडणाऱ्या माणसाचा थकवा आणि एका नाट्यमय प्रयोगातील हौतात्म्य, यांत चित्रपटाने दुसरे निवडले. त्यामुळे नायक मोठा झाला, पण त्याचे रोजचे जगणे लहान झाले.

तिसरी मर्यादा शेवटाची, आणि ती सर्वांत बोलकी आहे. चित्रपटाची अखेर चिंगलानच्या सोलापूरच्या घरी येण्याच्या कल्पनेवर होते. परकी संस्कृती सून होऊन उंबरठा ओलांडते आणि तेथेच तिचे परकेपण संपते. प्रत्यक्षात गुओ चिंगलान चीनमध्येच राहिल्या, कोटणीस कुटुंबाला भेटण्यासाठी भारतात येऊन गेल्या आणि 2012 मध्ये चीनमध्येच निवर्तल्या. मुलाचे ‘यिनहुआ’ हे नाव मात्र दोन्ही बाजू सारख्या तोलते : ‘यिन’ म्हणजे भारत, ‘हुआ’ म्हणजे चीन. पाचही डॉक्टरांनी आपल्या चिनी नावांच्या शेवटी हाच ‘हुआ’ जोडला होता. कोटणीस ‘के दिहुआ’ झाले. स्वतःचे नाव बदलून घेण्यास तयार होणाऱ्या तरुणाच्या मनात काय चालले असेल, हा प्रश्न माहितीपटाचा आहे. कथापटाने तो विचारला नाही.

चीनमध्येही 1982 मध्ये कोटणीसांवर चित्रपट निघाला. शिच्याच्वांग येथे त्यांचे स्मारक आहे, तर सोलापुरातील स्मारक 2012 मध्ये खुले झाले. दोन्ही देशांच्या शिष्टाचारात कोटणीस मैत्रीचे प्रतीक झाले आहेत. प्रतीक झालेल्या माणसाविषयी शंका विचारणे कोणालाच सोयीचे नसते. म्हणूनच हे काम स्वतंत्र माहितीपटाकडे येते.

पाहणाऱ्याचा कॅमेरा, पाहिल्या जाणाऱ्याचा कॅमेरा

भारतीय पथक ज्या वर्षी चीनमध्ये पोहोचले, त्याच 1938 मध्ये डच माहितीपटकार योरिस इव्हेन्स तेथे ‘द फोर हंड्रेड मिलियन’चे (1939) चित्रीकरण करीत होते. जाताना त्यांनी आपला एक कॅमेरा येनानच्या चित्रपथकासाठी मागे ठेवला. पाहुण्याने आणलेले साधन यजमानाच्या हाती गेले आणि यजमान स्वतःचे चित्रण करू लागला. माहितीपटाच्या इतिहासातील ही घटना लहान असली, तरी तिच्यातून एक तत्त्व हाती लागते. परक्याने केलेले चित्रण तेव्हाच पूर्ण होते, जेव्हा समोरच्यालाही पाहण्याचा अधिकार मिळतो.

याच्या पुढचा धडा अँतोनिओनी यांच्या ‘चुंग कुओ’मध्ये (1972) आहे. हा माहितीपट चिनी शासनाच्या निमंत्रणाने, देखरेखीखाली तयार झाला. म्हणजे रूढ अर्थाने तो स्वतंत्र नव्हता. तरीही 1974 मध्ये चीनमध्ये त्याच्यावर कठोर टीकेची मोहीम झाली आणि तेथील प्रेक्षकांना तो पाहण्यासाठी 2004 पर्यंत थांबावे लागले. भव्य बांधकामांपेक्षा रस्त्यावरील चेहऱ्यांवर अधिक वेळ थांबणे आणि आपण चीन समजावून सांगत नसून केवळ पाहत आहोत अशी कबुली देणे, एवढ्यानेच तो गैरसोयीचा ठरला. यावरून निधी व परवानगी यांनी दृष्टी पूर्णतः ठरत नाही, हे दिसते.

याच संदर्भात बीजिंग नॉर्मल विद्यापीठाशी संबंधित ‘लुकिंग चायना’ या उपक्रमाचा विचार करता येतो. 2011 पासून विविध देशांतील तरुणांना चीनमध्ये बोलावून, चिनी विद्यार्थ्यांच्या मदतीने, चिनी संस्कृतीवर सुमारे 10 मिनिटांचा माहितीपट करण्याची संधी त्यात दिली जाते. ज्या विद्यार्थ्याला स्वखर्चाने असा प्रवास शक्य नाही त्याला दार उघडणारा हा उपक्रम आहे, हे प्रथम नोंदवावे लागेल. परंतु काही आठवड्यांच्या वास्तव्यात कारागीर, वाद्य, खाद्यपदार्थ, उत्सव असे विषय हाताळणे स्वाभाविक ठरते. संस्कृती तेथे वस्तू म्हणून दिसते, सवय म्हणून क्वचित दिसते. सवय दिसण्यासाठी कंटाळा, गैरसमज आणि घरची आठवण यांनाही वेळ द्यावा लागतो. कोटणीसांना चार वर्षे लागली.

आजचे ‘परदेशी तरुण’

हा विषय इतिहासजमा झालेला नाही. कोरोनापूर्वी सुमारे 23,000 भारतीय विद्यार्थी चीनमध्ये शिकत होते आणि त्यांतील बहुसंख्य वैद्यकीय शाखेचे होते. 2020 मध्ये घरी परतलेल्या या विद्यार्थ्यांना 2022 पर्यंत परत जाता आले नाही. शरीररचना आणि रुग्णतपासणी त्यांना भ्रमणध्वनीच्या पडद्यावर शिकावी लागली. कोटणीस वैद्यक देण्यासाठी गेले, हे विद्यार्थी शुल्क भरून वैद्यक घेण्यासाठी जातात. कोटणीसांच्या मागे राष्ट्रीय सभा होती, यांच्या मागे बहुधा आईवडिलांनी काढलेले कर्ज असते. तरीही रुग्णाशी बोलण्यापुरती चिनी भाषा शिकण्याची गरज दोघांनाही सारखीच. या पिढीची नोंद बातम्यांनी ‘अडकलेले विद्यार्थी’ अशी केली. तेथील वसतिगृहात, रुग्णालयात, बाजारात त्यांनी काय पाहिले, याची नोंद त्या बातम्यांतून मिळत नाही.

अशा माहितीपटाने काही पथ्ये पाळावी लागतील. न समजलेले संभाषण लगेच निवेदनाने भरून काढू नये. दुभाष्याला चौकटीबाहेर ठेवू नये, कारण ओळख त्याच्यामार्फतच होत असते. चिनी शिक्षक, सहाध्यायी, घरमालकीण यांना पाहुण्याविषयी काय वाटते, हे त्यांच्याच भाषेत ऐकवावे. कोटणीसांच्या बाबतीत गुओ चिंगलान यांच्या आठवणी आणि सहकारी डॉ. बसू यांची दैनंदिनी ही दोन्ही साधने उपलब्ध आहेत. मराठी अभ्यासकाने केवळ सोलापूरच्या बाजूने हा विषय पाहण्याचे कारण उरलेले नाही.

समारोप

महाविद्यालयांतील माध्यम अभ्यासक्रमांत माहितीपट हा प्रकल्प म्हणून असतो. अंबरनाथ-उल्हासनगर-बदलापूर परिसरातील विद्यार्थी अनेकदा अंबरनाथ पूर्वेच्या प्राचीन शिवमंदिरापासून सुरुवात करील, आणि ते योग्यही आहे. पण लोकलने एका स्थानकावर असलेले उल्हासनगर हे फाळणीनंतर सिंधी निर्वासितांनी वसविलेले शहर आहे. तेथील वयोवृद्धांची भाषा न समजता, दुभाष्यासह, त्यांच्याही प्रश्नांना उत्तरे देत चित्रण करणे, हा चीनला जाण्यापूर्वीचा खरा अभ्यास होऊ शकतो. शिक्षकाने अशा प्रकल्पाचे मूल्यमापन करताना छायाचित्रणाच्या सफाईइतकेच, विद्यार्थ्याने समोरच्याला किती बोलू दिले हेही तपासावे.

माहितीपटाचे स्वातंत्र्य निधीपासून सुरू होते, पण तेथे संपत नाही. आपल्याला न कळलेले न झाकणे आणि समोरच्याच्या नजरेलाही जागा देणे, ही त्याची पुढची अट आहे. शांताराम यांच्या चित्रपटाने कोटणीसांना अमर केले. त्यांना पुन्हा शिकाऊ, चुकणारा, नवी भाषा अडखळत बोलणारा तरुण म्हणून पाहणे, हे मराठीतील स्वतंत्र माहितीपटापुढील काम आहे.