झाकणावरची दोन वाक्यं

मोटारसायकलच्या ब्रेक ऑइलच्या डबीच्या झाकणावर दोन वाक्यं कोरलेली असतात. पहिलं सांगतं, झाकण उघडण्याआधी ते स्वच्छ पुसा. दुसरं सांगतं, अमुक प्रतीचंच ऑइल वापरा आणि तेही सीलबंद डब्यातलं. अमेरिकेत मोटारसायकलच्या ब्रेकसाठी १२२ क्रमांकाचं संघीय सुरक्षा मानक आहे. हा मजकूर त्यात शब्दशः ठरवून दिलाय. अक्षरं किमान ३/३२ इंच उंच हवीत, आणि ती झाकणावर किंवा त्यापासून ४ इंचांच्या आत, सहज दिसतील अशी हवीत. आपल्याकडच्या डिस्क ब्रेकच्या गाड्यांवरही हाच मजकूर भेटतो. तो कुणी लिहिला हे कुठे नोंदलेलं दिसत नाही, पण तांत्रिक गद्याचा इतका नेटका नमुना माझ्या वाचनात दुसरा नाही. त्याची खरी कसोटी लागते ती ट्राइकच्या, म्हणजे तीनचाकी मोटारसायकलच्या मागच्या ब्रेकपाशी.

अमेरिकेच्या कायद्यात तीन चाकांची ही गाडीही मोटारसायकलच आहे, त्यामुळे मजकूर तिलाही लागू. हार्ले-डेव्हिडसनची सर्व्ही-कार १९३२ सालची, ट्राय ग्लाइड २००९ची. शिवाय गोल्ड विंगसारख्या दुचाकीचं मागचं चाक काढून तिथे रुंद अॅक्सल आणि दोन चाकं बसवणारेही तिथे पुष्कळ. अशा गाडीत सहसा पायाखाली एक पेडल, एक मास्टर सिलिंडर, तिथून मागे गेलेली लांब नळी, पुढे टी-जोड, आणि दोन बाजूंना दोन कॅलिपर. दुचाकीवर मागचा ब्रेक पुढच्याचा साथीदार असतो. इथे गाडीच्या वजनाचा मोठा वाटा मागच्या दोन चाकांवर असतो, म्हणून हाच ब्रेक मोठं काम करतो.

आता पहिलं वाक्य पाहा. त्यात पुसणं आधी आणि उघडणं नंतर आहे, आणि हा क्रम फार विचारपूर्वक ठेवलाय. मागच्या ब्रेकची डबी बहुधा उजव्या पायाशी असते. रस्त्याचा चिखल, धूळ, चेनचं किंवा इंजिनचं ऑइल, सगळं तिथे साचतं. डबीच्या तळाशी मास्टर सिलिंडरमध्ये उतरणारी दोन छिद्रं असतात, आणि त्यातलं एक सुईच्या टोकाएवढं. ब्रेक सोडल्यावर तापून फुगलेलं ऑइल याच छिद्रातून डबीत परत येतं. धुळीचा एक कण तिथे अडकला की ऑइलची वाट बंद होते, पॅड डिस्कला धरून राहतात, दोन्ही मागची चाकं तापतात. ट्राइकवर यातूनच निदानाची एक चांगली खूण मिळते. दोन्ही चाकं धरून राहिली तर दोष टी-जोडाच्या अलीकडे शोधायचा, छिद्रात किंवा पूर्ण मागे न येणाऱ्या पेडलमध्ये. एकच चाक धरत असेल तर जोडाच्या पलीकडे, त्या बाजूच्या आतून सुजलेल्या रबरी नळीत किंवा अडकलेल्या पिस्टनमध्ये.

दुसऱ्या वाक्यात सीलबंद डब्याचा आग्रह आहे, आणि त्यामागे रसायनशास्त्र आहे. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ या प्रतींची ग्लायकॉल कुळातली ऑइलं हवेतला दमटपणा शोषतात. डॉट ४ नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळायला नको, सुमारे ३.७ टक्के पाणी मुरलं की ही किमान मर्यादा १५५ वर येते. घाट उतरताना कॅलिपरमध्ये ऑइल उकळलं की त्याची वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल तळाला टेकतं. म्हणून फळीवर पडून असलेला अर्धा डबा वापरायचा नाही. प्रतीचा आग्रहही तितकाच रास्त. डॉट ५ सिलिकॉनचं, जांभळं, आणि ते ग्लायकॉलमध्ये मिसळत नाही. हार्लेने बरीच वर्षं डॉट ५ वापरलं आणि नंतर डॉट ४ घेतलं. जुन्या हार्लेवर नवे कॅलिपर चढवून ट्राइक केली असेल, तर सवयीवर न जाता झाकण वाचणं भाग आहे.

ऑइलच्या वाटेत शिरणाऱ्या हवेविषयी मात्र हा मजकूर एक अक्षर काढत नाही. इथून पुढे पेडल वाचावं लागतं. पेडल मऊ लागतंय आणि चार-पाचदा मारल्यावर कडक होतंय, तर बहुधा आत हवा आहे. दाबून धरलेलं पेडल हळूहळू खाली बसतंय आणि बाहेर कुठे थेंबही नाही, तर मास्टर सिलिंडरचा सील आतल्या आत गळतोय. पेडल दगडासारखं आणि गाडी थांबत नाही, तर पॅड गुळगुळीत झालेत किंवा त्यांना तेल लागलंय. दुचाकीची ट्राइक केली असेल तर आणखी एक शक्यता उरते. मूळ मास्टर सिलिंडर एका कॅलिपरपुरता केलेला असतो. दोन कॅलिपर भरायचे तर त्याला ऑइल कमी पडतं, आणि हवा कितीही काढली तरी पेडल लांबच राहतं.

हवा काढायची ती आधी नळीच्या वाटेने सर्वांत दूर असलेल्या चाकाची. कॅलिपरवरच्या हवा काढायच्या निपलला पारदर्शक नळी, तिचं दुसरं टोक ऑइल असलेल्या बाटलीत बुडालेलं. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने निपल पाव फेरा सैल करून पुन्हा आवळायचं, आणि आवळल्यावरच पहिल्याने पाय उचलायचा. बुडबुडे थांबले की दुसरं चाक. बाटल्या भरूनही पेडल मऊच राहिलं, तर आधी निपल कुठे आहे ते पाहावं. उजवा-डावा कॅलिपर अदलाबदल होऊन बसला की निपल खाली जातं, हवा मात्र वरच्या कोपऱ्यात बसते, आणि ती तिथून कधीच निघत नाही. कॅलिपर सोडून, पॅडच्या मध्ये लाकडाची फळी धरून, निपल वर येईल असा तो फिरवायचा. मग हवा निघते.

एवढ्या चोख मजकुरात मला एकच वाक्य कमी वाटतं. ही डबी लहान आणि पुढची नळी लांब, त्यामुळे हवा काढताना पातळी भराभर उतरते. डबी एकदा रिकामी झाली की मास्टर सिलिंडर हवा ओढतो, आणि दूरच्या चाकापासून सगळं पुन्हा करावं लागतं. पातळी राखण्याची सूचना त्या झाकणावर हवी होती, कारण ते काम करताना हातात असतं ते झाकणच.