कच्ची वही, पक्की वही आणि गेलेली वीज

दुकानदार व्यवहार आधी कच्च्या वहीत टिपतो, मग सवडीने पक्क्या वहीत उतरवतो. २०१३ साली लिनक्सच्या ३.९ आवृत्तीत आलेली ‘डीएम-कॅश’ तेच करते. मंद हार्डडिस्क ही पक्की वही, तिच्यापुढची वेगवान एसएसडी ही कच्ची. कोणता ठोकळा कुठे आहे याची यादी आणि कोणता उतरवायचा राहिला याच्या खुणा, हा झाला मेटाडेटा.

जतच्या एखाद्या शाळेत ऐन कामात वीज गेली तर? यादी हरवली तर एसएसडीवर नुसता ढीग उरेल. म्हणून जुन्या यादीत खाडाखोड न करता नवी बाजूला लिहितात; ती पुरी झाल्यावरच पहिल्या पानावरचा निर्देश बदलतात. ही रचना चोख आहे. खुणा मात्र इतक्या भराभर बदलतात, की त्या यंत्रणा रीतसर थांबतानाच लिहिल्या जातात. अपघातानंतर सगळेच ठोकळे उतरवायचे राहिले असे मानायचे! (दुकानदाराने असे केले तर उधारी दुप्पट होईल. इथे अख्खा ठोकळा बदलतो, त्यामुळे दोनदा लिहूनही बिघडत नाही.) वेळ तेवढा जातो.

आक्षेप वेगळाच आहे. काही न सांगितल्यास डीएम-कॅश ‘मागाहून उतरवू’ हीच पद्धत धरते. मग यादी शाबूत राहिली, तरी एसएसडीच बिघडल्यास न उतरवलेले सारे जाते. एलव्हीएमने मात्र दोन्हीकडे लिहून झाल्यावरच ‘झाले’ म्हणण्याची पद्धत मूळ धरली आहे. निकालपत्रके सांभाळणाऱ्या शाळेने तीच घ्यावी. लिहिण्याचा वेग घटेल, वाचनाचा नाही.